घरात आलेला पहिला कॉम्प्युटर आणि घरातली मतं : तुमचे अनुभव लिहा

अबोली_सोलापूर

काल दिवाळीसाठी माळा आवरायला घेतला आणि पत्र्याच्या ट्रंकेत दोन वस्तू एकावर एक सापडल्या. खाली बाबांच्या युनियनचं पिवळं पडलेलं पत्रक, कॉम्प्युटर आला तर नोकऱ्या जातील असं ठळक अक्षरांत छापलेलं. त्याच्यावर घडी करून ठेवलेलं आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचं कव्हर. आईनं जुन्या पडद्याच्या कापडाचं शिवलं होतं, कडेला झालर लावून. तिथंच माळ्यावर बसून राहिले.

बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते. १९८३ साली युनियन आणि बँकांच्या संघटनेत यंत्रांबद्दल करार झाला, तरी शाखेत धुसफूस चालूच होती. गेट मीटिंगला मी बाबांच्या खांद्यावर बसून गेल्याचं आठवतंय, चार-पाच वर्षांची असेन. घोषणा कळत नव्हत्या, पण शेवटचा 'झिंदाबाद' मी सगळ्यांत मोठ्यानं द्यायचे. तेव्हा लेजर, म्हणजे खातेवह्या, हातानं लिहायचे. जून आणि डिसेंबरात सहामाही व्याज काढायची वेळ आली की बाबा रात्री अकरा-बाराला घरी. एकदा दहा पैशांचा फरक सापडेना म्हणून अख्खी शाखा पहाटेपर्यंत थांबली होती.

आणि याच बाबांनी १९९९ला, माझी बारावी झाल्यावर, पीएफमधून पैसे काढून कॉम्प्युटर आणला. सेलेरॉन, ३२ एमबी रॅम, १४ इंची मॉनिटर. शेजारपाजारचे बघायला आले. आईनं हळदकुंकू वाहिलं. आम्ही झोपलो की बाबा एकटे त्याच्यासमोर बसून एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायचे, मी दाराच्या फटीतून बघितलंय. २००१ला बँकांतून स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा देशभरात लाखभर लोक बाहेर पडले, त्यात बाबाही होते. त्यामुळे ते पत्रक खोटं होतं असं मला म्हणवत नाही. पहाटेपर्यंतची ती जागरणं संपली, हेही तितकंच खरं.

तुमच्या घरात पहिला कॉम्प्युटर, मोबाईल, जे काही आलं, तेव्हा कोण काय म्हणालं? लिहा ना. छोटं चालेल.

चिकूची आई

झालरीचं वाचून गलबलले गं. आमच्या टीव्हीला क्रोशाचं होतं. करंज्या तळतेय, नंतर लिहिते.

निवृत्त नाना

अबोलीताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझा अनुभव घरातला नाही, कचेरीतला आहे. १९७४ ते ८० मी मुंबईत एका कारखान्याच्या डेटा प्रोसेसिंग विभागात होतो. आयबीएम १४०१ कॉम्प्युटर, आणि भोकं पाडून माहिती भरायची ऐंशी कॉलमांची पंच कार्डं. यंत्राची खोली वातानुकूलित, आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. आमच्या चाळीत तेव्हा पंखा असलेली घरं दोन.

मग जनता सरकार आलं. फेरा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा असा आग्रह उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला. आयबीएमला ते मान्य झालं नाही आणि १९७८ला त्यांनी गाशा गुंडाळला. आमच्यात एकच चिंता, आता यंत्र बंद पडलं तर बघणार कोण? सीएमसी या सरकारी कंपनीनं देखभाल घेतली. बहुतेक इंजिनिअर आधी आयबीएममध्येच होते, चेहरे ओळखीचे, फक्त ओळखपत्र बदललेलं. यंत्र एक दिवसही बंद राहिलं नाही. तेव्हा मी सरकारला शिव्या घातल्या होत्या. आज वाटतं, ती जागा मोकळी झाली म्हणून एचसीएल, विप्रो, डीसीएम यांना हातपाय पसरता आले. मुलगा म्हणतो, उलट आपण दहा वर्षं मागे पडलो. जेवताना आजही वाद होतो.

मालवणी माणूस

नाना, तुम्ही जॉर्जसाहेबांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. ते आयबीएम, कोका-कोला काय ते आमच्या घरात कोणाला माहीत नाही. आमच्यासाठी जॉर्ज म्हणजे कोकण रेल्वे. ते रेल्वेमंत्री असताना कामाला गती आली आणि १९९८ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. माझ्या आज्यानं कुडाळ स्टेशनावर जाऊन नुसती गाडी बघितली आणि घरी येऊन नारळ फोडला.

आणि आमचा पहिला कॉम्प्युटर त्याच गाडीनं आला! २००१चे गणपती. मुंबईचा काका मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रात्रभर बसून आला. गावात व्होल्टेज इतकं कमी की चालूच होईना. गणपतीच्या मखराची माळ काढली तेव्हा चालू झाला. आजी म्हणाली, बाप्पाचो उजेड काढून ह्या काय लावलास? पाच दिवस परत कोणी हात लावला नाही.

चिकूची आई

गोधडीतला मॉनिटर 😄 दुसरा घाणा चाललाय, थांबा.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या अकोल्यातली गोष्ट. वडील जिल्हा परिषद शाळेत मास्तर. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला २००१ला, मंग सरकारी नोकरीत ते पास करणं भागच. वडिलांचं वय पन्नाशीच्या वर. क्लासात त्यांच्याच शाळेतून शिकून गेलेला पोरगा शिकवायला! पहिल्या दिवशी तो पोरगा उठून उभा राह्यला न् म्हणे, सर तुम्ही बसा. वडील म्हणे, आज तू सर, मी विद्यार्थी. माउस धरताना हात थरथरे. घरी आई पाटावर वाटी पालथी ठेवून द्यायची, ते वाटीवर सराव करत. पास झाले तेव्हा पेढे वाटले राजेहो, माझ्या दहावीले नव्हते वाटले.

अबोली_सोलापूर

@वऱ्हाडी ठेचा, वाटीवर सराव! हे मी बाबांना वाचून दाखवणार.

लाल पांढरी एसटी

धाग्याशी थेट संबंध नाही, पण माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे, विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५पासून थांबले म्हणे. मुलीचा अभ्यास त्याच्यावरच होतो. काय करावं?

तपकीर गल्ली

@लाल पांढरी एसटी, लगेच बंद पडणार नाही, घाबरू नका. पण सुरक्षेचे अपडेट नसताना त्यावर बँकेची कामं नकोत. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाका आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम घाला. पीडीएफ, यूट्यूब, टायपिंग सगळं नीट चालतं. आधी मुलीच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, हे विसरू नका.

आता धाग्याबद्दल. पुण्यात माझं दुकान आहे, वीस वर्षं झाली. राजकारण टीव्हीवर कळायच्या आधी गल्ल्यावर कळतं. ऑगस्ट २०२३ला एका दिवसात सरकारनं लॅपटॉप आयातीवर परवाना लावला, तेव्हा संध्याकाळपर्यंत वितरकांनी माल रोखून धरला. मग ते पुढे ढकललं, नंतर नुसत्या नोंदणीवर आलं. पण त्या आठवड्यात ज्यांना घाई होती त्यांना जास्त पैसे मोजावे लागले. एक आई आली होती, मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, पैसे मोजून रुमालात बांधून आणलेले. दोन हजार कमी पडले. मी सोडले, पण सगळे दुकानदार सोडू शकत नाहीत हो. सप्टेंबर २०२५ला जीएसटी कमी झाल्यावर परत गर्दी. बत्तीस इंचांवरचे टीव्ही २८वरून १८वर आले, लॅपटॉप-मोबाईल आधीपासूनच १८वर, ते तिथेच राहिले. दिवसातून चाळीस वेळा हेच सांगतोय. लोकांचे चेहरे पडतात. माझ्या मते शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर ५ टक्क्यांहून जास्त कर असूच नये.

लाल पांढरी एसटी

खूप आभार दादा. एसएसडी किती जीबीची घेऊ?

तपकीर गल्ली

२५६ पुरे.

फोंडेकार

आमच्या घरात कॉम्प्युटर यायच्या आधी माझ्या आईनं मशीनवर मत दिलं होतं. १९९९ची गोवा विधानसभा, पूर्ण राज्यात मतदान यंत्रावर झालेली ती पहिली निवडणूक. आई शिक्का शोधत होती. बटण दाबल्यावर लांब शिट्टी वाजली तशी दचकून दोन पावलं मागे. घरी आल्यावर आठ दिवस विचारायची, माझं मत पोचलं असेल ना रे? आता मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते. आई असती तर तिला ती दाखवायची होती मला. चिठ्ठ्या जास्त मोजा म्हणणाऱ्यांवर लोक चिडतात, मला ती मागणी रास्त वाटते. ज्यानं मत दिलं त्याला खात्री हवी, एवढंच.

सातबारा

सात-बारा संगणकावर आले तेव्हा आमच्या गावात कौतुक. तलाठ्याच्या मागं फिरायला नको म्हणून मीसुद्धा खूश. उतारा काढला तर आमचं १ हेक्टर २० आर क्षेत्र १ हेक्टर २ आर झालेलं. एक शून्य गेला न् अठरा गुंठे जमीन गेली. हस्तलिखित उताऱ्यावर बरोबर होतं. मग जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५खाली अर्ज, तहसील, परत तलाठी, परत तहसील. अकरा महिने. त्यात वडील गेले, त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत तेच.

आता मोबाईलवर डिजिटल सहीचा उतारा मिनिटात येतो, पंधरा रुपयांत. मी त्याच्या विरोधात नाही, मुळीच नाही. पण टाइप करणाऱ्याची चूक निस्तरायला ज्याची जमीन त्यानंच का हिंडायचं? ज्यांचे सात-बारा कधी तपासले नाहीत त्यांनी आजच जुन्या उताऱ्याशी ताडून बघा. कळकळीनं सांगतोय.

निवृत्त नाना

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे एक जण कार्ड पंच करायचा, दुसरा तेच कार्ड पुन्हा टाइप करून तपासायचा, जुळलं नाही तर यंत्र अडायचं. जमिनीच्या नोंदींना हे करायलाच हवं होतं.

चिकूची आई

झाल्या एकदाच्या. सातबारादादा, वाचून कसंतरी झालं. आमच्या समोरच्या काकूंचं बघा. सरकारी योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होते. काकूंचे दोघंही गेलेले. तीन दिवस माझ्या मोबाईलवर प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, जाऊ दे पोरी, माझं कोणी नाही हे मशीनला पण कळलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. फॉर्म बनवणाऱ्यानं एकदा तरी एखाद्या विधवा बाईला समोर बसवून तो भरून बघायचा होता.

दूरदेशी

काकूंचं वाक्य मनातून जाणार नाही.

न्यू जर्सीहून लिहितोय. १९९८ला वायटूकेच्या लाटेत आलो. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, दोन हजार साल आलं की यंत्र १९०० समजेल ही धास्ती. आम्ही कोबॉल या जुन्या कॉम्प्युटर भाषेतल्या हजारो ओळी वाचून तारखा दुरुस्त करायचो. सांगलीहून आजोबांचं पत्र आलं, "दोन आकडे वाचवले म्हणून एवढा खर्च?" त्यांना काटकसर कळायची, पण ही पटली नाही. सप्टेंबर २०२५ला इथं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं. भाचा मास्टर्स संपवतोय, रोज रात्री फोन करतो. मी काय सांगू त्याला? मी आलो तेव्हा असा दरवाजा लागला नव्हता.

मालवणी माणूस

भाच्याक परत येऊक सांगा. पुण्याक कामा आसत.

दूरदेशी

तेही बोललो. शैक्षणिक कर्ज आहे डोक्यावर.

रंकाळा

मी डीटीपीवाला, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवणारा, कोल्हापूर. अबोलीताई, पत्रकाचा विषय काढलासा म्हणून. निवडणूक आली की आमच्याकडं सगळ्या पक्षांचं काम. एकाच टेबलावर एकाचं संपलं की दुसऱ्याचं. सगळीकडं सारखं चालणारं युनिकोड नव्हतं तवा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. कोण श्रीलिपीत, कोण आकृतीत, कोण सीडॅकच्या आयएसएममध्ये. एका उमेदवाराचं पत्रक दुसऱ्या प्रेसला फ्लॉपीतनं पाठवलं, तिथं फॉन्ट नव्हता. नुसत्या कानामात्रा न् चौकोन. रात्री दोनला सायकल मारत फॉन्टची फ्लॉपी घेऊन मी गेलो. आज व्हॉट्सअपवर मराठी सरळ दिसतंय ना, त्याचं आमच्या पिढीला लई अप्रूप हाय.

लाल पांढरी एसटी

व्हॉट्सअपवरून आठवलं, आमच्या सोसायटीत अरत्ताई या चॅट ॲपवर जायचं घाटतंय. स्वदेशी म्हणून. कोणी वापरतंय का?

तपकीर गल्ली

घेतलंय. चांगलं हलकं आहे, साध्या फोनवरही चालतं. आपलं ॲप मोठं व्हावं असं मनापासून वाटतं. पण चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येऊ नये अशी सोय, आहे का ते आधी बघा, नसेल तर ओटीपी, आधारचे फोटो त्यावर टाकू नका. अरत्ताई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. नाव झकास आहे.

अबोली_सोलापूर

किती सुंदर लिहिताय सगळे. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं, म्हणून मोठ्यानं वाचलं. काकूंच्या वाक्याला डोळे पुसले. मला दुरुस्ती सांगितली: फरक दहा पैशांचा नव्हता, पस्तीस पैशांचा होता, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. नानांना त्यांचा एक प्रश्न आहे. कार्डांचा ट्रे हातातून पडला तर काय करायचात? त्यांच्याकडे एकदा पंख्याखाली दिवसभराची व्हाउचरं उडाली होती.

निवृत्त नाना

पडला होता, माझ्याच हातून! म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढून ठेवायचो. पडला तर रेघ जुळवायची, क्रम आपोआप लागतो. पण सुट्या चिठ्ठ्यांवर हे चालायचं नाही, आकार सारखा लागतो. व्हाउचरं लहानमोठी, तिथं उपयोग झाला नसता.

अबोली_सोलापूर

बाबा म्हणाले, लहानमोठीच होती, बरोबर ओळखलंत. तुमचा फोन नंबर मागतायत. व्यक्तिगत निरोप केलाय, बघाल का?

आणि एक विचारायचं होतं. पत्रक घडीवर फाटायला आलंय. लॅमिनेट करून घेऊ का?

रंकाळा

लॅमिनेट अजिबात करू नका ताई, उष्णतेनं जुना कागद जातो आणि परत सोडवता येत नाही. सेलोटेपपण नको, डाग पडतो. हळूच उघडून सपाट ठेवा, वर जाड पुस्तक दोन दिवस. मग चांगल्या रेझोल्युशनला स्कॅन करा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या नव्हे, कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवा. ती ट्रंक ओल धरत असंल तर तिथं परत नको.