नोंदी वाढवाव्यात, की आधी वह्या कमी कराव्यात?

दांडियाबाजारकर (चर्चेचा प्रस्ताव)

विकसनशील देशांत आरोग्य माहिती प्रणाली वाढल्या पाहिजेत, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्या वाढवण्याच्या क्रमावर आहे. माझी थोरली वहिनी वडोदरा जिल्ह्यातील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. ममता दिवसाचे, म्हणजे गावातल्या माता-बालकांच्या आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दिवसाचे, लसीकरण आटोपले की ती आधी आई-बाळाच्या नोंदीचे ममता कार्ड भरायची, मग रजिस्टर, संध्याकाळी घरी आल्यावर तीच माहिती मोबाइलमध्ये, आणि महिनाअखेरीस त्याच आकड्यांची बेरीज करून एकत्रित अहवाल पाठवायची. एका टोचणीच्या चार नोंदी व्हायच्या, पण उद्या कोणाच्या घरी जायचे हे सांगणारी एकही यादी तिच्याकडे परत येत नसे. वरून यायचा तो ‘टक्केवारी का घसरली’ असे विचारणारा फोन. असे फोन पुरेसे आले की माणसे आकडे सांभाळू लागतात आणि मग त्या आकड्यांवर आखलेली योजनाही पोकळ होते.

या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचा अनुभव मला मोलाचा वाटतो. वर्णभेदी राजवटीत तेथील आरोग्यसेवा वंशानुसार तुकड्यांत विभागलेली होती आणि प्रत्येक तुकड्याचे तक्ते निराळे होते. १९९४ नंतर केप टाउन परिसरात स्थानिक आरोग्य कार्यकर्ते आणि ऑस्लो विद्यापीठाशी संबंधित संशोधक एकत्र आले, तेव्हा खरा वाद झाला तो कोणती माहिती गोळा करायची थांबवावी यावर. अत्यावश्यक बाबींचा किमान संच ठरवण्यावर त्यांनी भर दिला आणि त्याला अनुरूप संगणक प्रणाली घडवली. तिची मुक्तस्रोत (कोणालाही मोफत वापरता-बदलता येणारी) दुसरी आवृत्ती, म्हणजे डीएचआयएस-२ (जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली), २००६ मध्ये आपल्या केरळात आली आणि पुढे आफ्रिका-आशियातील अनेक देशांनी ती स्वीकारली. आपण प्रणाली घेतली; काटछाट मात्र घेतली नाही.

मांजलपूरकर

आपल्या वहिनींच्या श्रमांविषयी पूर्ण आदर बाळगून मी असहमती नोंदवतो. किमान संचाची कल्पना एकत्रित आकड्यांना शोभते. गावात चाळीस बालकांना गोवराची लस मिळाली हे ती सांगेल, परंतु राहिलेले बालक कोणते, हे सांगणार नाही. त्यासाठी नावानिशी नोंद लागते आणि नावानिशी नोंद जास्त काम मागते. गुजरातने २०१० मध्ये माता-बालकांची नावानिशी नोंद ठेवणारी ई-ममता प्रणाली सुरू केली ती याच कारणासाठी.

आपल्या समाजातलेच उदाहरण घ्या. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपण वडोदऱ्यातल्या मराठी घरांनी अजून सोडलेली नाही. सून वडोदऱ्याजवळच्या पाद्रा गावची, माहेर जळगावचे. तिसऱ्या महिन्यातली नोंद गुजरातेत, प्रसूती महाराष्ट्रात, बाळाची पहिली टोचणी तिकडे आणि पुढची इकडे. कागदी रजिस्टरात ही बाई सातव्या महिन्यानंतर नाहीशी होते. दाहोद आणि छोटा उदेपूरहून बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांचे तर वर्षातून अनेकदा असे होते. या माणसांना जोडणारा धागा नोंदीवाचून कोठून आणणार?

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. २०१२ पासून निक्षय प्रणालीत रुग्णाची नोंद होते आणि पोषणासाठी मिळणारी मदत, आधी दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये, त्या नोंदीच्याच आधारे रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. येथे नोंद गळली तर गरिबाच्या ताटातले दूधच गळते.

वाडीकर

मी एक लहान प्रयोगशाळा चालवतो, म्हणून दोघांनी न स्पर्शिलेली बाजू मांडतो. आपल्याकडचा ‘जाधव’ गुजराती लेखनात ‘जादव’ होतो आणि रोमन लिपीत जाऊन परत आला की तिसरेच काही होतो. एका स्त्रीच्या तीन नोंदी होतात, किंवा दोन स्त्रियांची एकच. एका व्यक्तीच्या आरोग्य नोंदी जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक यावर उपाय ठरू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु दवाखान्याच्या खिडकीवर ‘येथे अंगठा लावा’ एवढेच सांगितले जात असेल, तर ती संमती मी मानत नाही. वैयक्तिक विदा (डिजिटल माहिती) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तरी क्षयाची नोंद शेजारी कळली तर मुलीचे लग्न अडेल ही आईची भीती कायद्याने एकदम जात नाही.

दांडियाबाजारकर

माहेरच्या बाळंतपणाचा मुद्दा मी मान्य करतो. त्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. तरीही जवळच्या भरूच जिल्ह्याकडे लक्ष वेधतो. झगडिया येथे सेवा रूरल या संस्थेने २०१३ च्या सुमारास आशा कार्यकर्त्यांच्या हाती इमटेको हे मोबाइल ॲप दिले. आज कोणत्या घरी भेट द्यायची, कोणत्या लक्षणांवर बाळाला पुढे पाठवायचे, हे ते आशांना सांगत असे आणि त्यांच्या कामावर आरोग्य केंद्रातून लक्ष ठेवता येत असे. त्याच धर्तीवर राज्याने पुढे टेको प्लस हे ॲप आणले. नोंद करणाऱ्या बाईला त्याच नोंदीतून उद्याचे काम मिळते, तेव्हा ती चुकीचा आकडा का भरेल? म्हणून माझी मागणी एवढीच आहे की नवी प्रणाली आली की तिच्यासोबत एक वही बंद झालीच पाहिजे.

मांजलपूरकर

वही बंद करणे एकट्या आरोग्य खात्याच्या हाती नसते. तपासणीला आलेला अधिकारी सहीचे रजिस्टर मागतो, आणि पावसाळ्यात डभोईपलीकडच्या गावात दोन दिवस नेटवर्क नसेल तर ममता दिवस थांबवता येत नाही. काही महिने दोन्ही पद्धती समांतर चालवाव्याच लागतील. त्या काळात कागद आणि ॲप यांतील आकडे ताडून पाहता येतात, हा लाभही लहान नाही.

दांडियाबाजारकर

ते ‘काही महिने’ संपण्याची तारीख आदेशातच लेखी असेल, आणि त्या तारखेनंतर तपासणी अधिकाऱ्याला ॲपमधील नोंदच ग्राह्य धरावी लागेल, तर समांतर काळाला माझा विरोध नाही. वहिनीच्या उपकेंद्रातही काही महिनेच सांगितले होते. ती निवृत्त झाली त्या दिवशी तिने पुढच्या सेविकेच्या हाती मोबाइल दिला, आणि सोबत रजिस्टरही दिले.