घड्याळ कधीपासून लावायचं?

108 ची गाडी किती मिनिटांत पोचते एवढं मोजलं की ग्रामीण भागाचं चित्र कळतं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. ते घड्याळ फोन लागल्यावर सुरू होतं. मण्यारीचा (विषारी सापाचा) दंश घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखत नाही, सूज नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. घरचे अपचन समजून ओवा देतात. फोन होतो तोवर श्वास अडखळू लागलेला असतो. हा वेळ गाडीच्या नोंदीत कुठून येणार?

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंबाबत तीन विलंब मांडले: निर्णयाचा, पोचण्याचा आणि पोचल्यावर उपचार मिळण्याचा. ते सर्पदंशालाही लागू पडतात, पण आपली चर्चा मधल्यावरच अडकते. (त्यातही पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटत आलाय, तिथे कसली सरासरी काढता!) तिसरा विलंब तरी, म्हणजे रुग्ण आल्यापासून प्रतिविष सुरू होईपर्यंतचा वेळ, केसपेपरवर वेळ नीट लिहिली तर सहज निघेल. त्याला मोठी संस्था लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं प्राझोसिन या औषधाचं काम महाड भागात रुग्ण तपासता तपासताच केलं.