कन्या, कुमारी, कौमार्य : नेमका अर्थ कोणता?

प्रश्न : कर्णाला ‘कानीन’ म्हणतात, म्हणजे कन्येचा मुलगा. पण मूल झाल्यावर कुंती ‘कन्या’ कशी राहिली?

– हीच शंका महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या भाष्यात, आहे. पाणिनीचं सूत्र ‘कन्यायाः कनीन च’ (४.१.११६). ‘चा मुलगा’ या अर्थाचा अण् प्रत्यय लागताना ‘कन्या’च्या जागी ‘कनीन’ येतं, पहिला स्वर वाढतो आणि ‘कानीन’ होतं. पतंजलीचं उत्तर असं : ‘कन्या’ हे नाव सुटतं ते विवाहानंतरच्या समागमानं. विवाहाआधी संबंध आला तरी तिला कन्याच म्हणायचं. थोडक्यात, अविवाहित.

– देहाच्या अवस्थेला स्मृतींत (जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत) वेगळा शब्द आहे : अक्षता, म्हणजे जिचा शरीरसंबंध आलेला नाही ती; आलेला असेल तर क्षता. याज्ञवल्क्य (१.६७) ‘पुनर्भू’ सांगताना म्हणतो, ‘अक्षता च क्षता चैव’. पुन्हा विवाहसंस्कार झाला की ती पुनर्भू, मग अक्षता असो वा क्षता. लग्न आणि देह यांचा हिशेब वेगवेगळा.

– महाभारतात मात्र इतकं सरळ नाही. सूर्य कुंतीला आणि पराशर सत्यवतीला पुत्रप्राप्तीनंतरही कन्याभाव राहील असा वर देतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘अविवाहित’ असता तर वराची गरज काय? तिथे देहाचा अर्थ मिसळलेला आहेच. व्याकरणाचा नियम काव्यावर लादू नये.

– मान्य. ‘पंचकन्या’ तर पाचही विवाहित, तिथे दोन्ही अर्थ लटके पडतात!

– ‘कौमार’ वाचताना हमखास घोळ होतो. गीतेत (२.१३) ‘कौमारं यौवनं जरा’ म्हणजे बालपण, तारुण्य, म्हातारपण. आयुर्वेदातलं ‘कौमारभृत्य’ म्हणजे बालरोगचिकित्सा. ‘कुमारी’सुद्धा मुळात वयवाचक (पाणिनीचं ‘वयसि प्रथमे’, ४.१.२०). पुढे वय गळलं, ‘अविवाहित’ उरलं. म्हणून तर भाष्यात ‘वृद्धकुमारी’ भेटते. इंद्र ‘वर माग’ म्हणाल्यावर ही मागते : माझ्या मुलांना काशाच्या थाळीत भरपूर दूधतूप घातलेला भात मिळो. नवरा, मुलं, गाई, धान्य, सगळं एका वाक्यात. बाई हुशार.

– मग ‘कानीन’चा मराठी अर्थ ‘कौमार्यात झालेला मुलगा’ असा देऊ का?

– नको. आजच्या मराठीत ‘कौमार्य’ सरळ देहाकडे जातं. ‘कुमारी मातेचा मुलगा’ लिहा. वर्तमानपत्रातल्या ‘कुमारी माता’मध्ये तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.