'बृहदश्मयुगीन' म्हणजे अश्मयुगातलं का?

प्रश्न : नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीला मोठाल्या धोंड्यांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. कुणी त्यांना 'शिळावर्तुळं' म्हणतं, कुणी 'महापाषाण', कुणी 'बृहदश्मयुगीन दफनं'. अर्थ एकच का? आणि अश्मयुगातली असतील तर खाली लोखंड कसं निघालं?

प्रतिसाद : घोळ समासाच्या फोडीचा आहे. 'अश्मयुग' शाळेपासून तोंडात बसलेलं, म्हणून आपण बृहद् + अश्मयुग असं तोडतो. खरी फोड बृहदश्म + युग, म्हणजे मोठाले दगड रचून दफनं करणाऱ्यांचा काळ. विदर्भात तो लोहयुगाचा काळ आहे, साधारण इ.स.पू. पहिलं सहस्रक. नागपूर जिल्ह्यातल्याच अशा दफनांच्या जागा बघा : नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहूरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचा तांब्याचा साज. मी तरी 'महापाषाणीय' लिहितो, निदान गैरसमज होत नाही. 'शिळावर्तुळ' फक्त आकार सांगतं. महापाषाणांत उभ्या शिळा, दगडी फरश्यांच्या पेट्या, सगळंच येतं.

प्रतिसाद : पंडितांचे शब्द झाले, लोकांचे? इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे लोक ही वर्तुळं गवळ्यांची समजत. आपल्याकडे जुनं, कर्ता माहीत नसलेलं काही दिसलं की धनी ठरलेले : काळ्या दगडाचं देऊळ हेमाडपंती, डोंगरातली लेणी पांडवांची (नाशिकची पांडवलेणी तर बौद्ध आहेत!), आणि वऱ्हाड-नागपुराकडे गवळी राजे. गाविलगडाचं नावसुद्धा गवळ्यांवरूनच सांगतात. पण इथे गवळीच का सुचले असावेत, ते कळण्यासारखं आहे. रानात धोंड्यांचं गोल कडं दिसलं तर जनावरं कोंडायचा वाडाच आठवणार. 'थडगं' म्हणायला आत उकरून बघावं लागतं.

प्रश्नकर्ता : फोड पटली. काही धोंड्यांवर रांगेने बारके वाटोळे खळगे कोरलेत, त्यांना काय म्हणायचं? 'चषकचिन्हे' वाचलं, पण ते जड वाटतं.

प्रतिसाद : 'खळगे'च म्हणा. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांचं वर्णन छापलं आणि युरोपातल्या तशाच खुणांशी ताडून पाहिलं. तेव्हापासून कुणी त्यांत दिशा शोधतो, कुणी मोजदाद, एकमत नाही. 'चिन्ह' म्हटलं की काहीतरी अर्थ आहे हे आधीच कबूल केल्यासारखं होतं. 'खळगा' शब्द तेवढं बोलत नाही.