दहावीनंतर आयटीआयचा डिझेल मेकॅनिक की थेट गॅरेज?

माळशिरसकर
राम राम मंडळी. पोरगं दहावी पास झालं, 61 टक्के. पुस्तकात फारसं मन रमत नाही, पण आमच्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलून एअर काढायचं काम आठवीपासून तोच करतो. आयटीआयचा फॉर्म भरायचा आहे. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा. अकलूज रस्त्याला ओळखीचे मिस्त्री आहेत, सुट्टीत सध्या त्यांच्याकडंच जातोय. ते म्हणतात, "पोरगं माझ्याकडं द्या, वर्षात इंजिन बांधायला लागेल. आयटीआयत नुसतं लोखंड घासायला लावतात." पाहुणे वेगळंच सांगतात, डिझेलचं आता काही खरं नाही, सगळं बॅटरीवर येणार म्हणे. काय करावं?

डेपोवाला
दोन वर्षांचा मिळत असेल तर तो घ्या. पुढं मन झालं तर त्यावर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एसटीत अप्रेंटिस म्हणून दोन्ही ट्रेडची पोरं आमच्या हाताखाली येऊन गेली. बॅटरीचं म्हणाल तर बॅटरीच्या बस आल्या, खरं आहे. बॅटरीवर ऊस कारखान्याला गेलेला मी तरी अजून पाहिला नाही.

बारा_तेराचा_पाना
काका, मी 2011 ला डिझेल मेकॅनिकच केला, मग एसटीत अप्रेंटिस, आता कळंबोलीला ट्रकवर काम करतो. म्हणून जरा लांबण लावतो.

लोखंड घासण्याचं मिस्त्री खोटं बोलले नाहीत. सुरुवातीला आमच्या हातात फाइल (कानस) आणि एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, एक तुकडा दिला. चारी बाजू काटकोनात आणायच्या. गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरायचा, फटीतून उजेड दिसला की सर परत पाठवायचे. मी चार दिवस घासला आणि शेवटी तो मापापेक्षा लहानच झाला. सरांनी नवीन तुकडा दिला. मनातल्या मनात किती शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही. पण पुढं डेपोत उतरवलेल्या हेडवर पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) जातं का ते बघायची वेळ आली, तेव्हा ती उजेडाची रेघ डोळ्याच्या ओळखीची होती.

आता आयटीआयचं उणं. आमच्या वर्कशॉपमधलं इंजिन इतक्या बॅचनी खोललं-बांधलं होतं की बोल्ट बोटांनी सुटायचे. वीस पोरं, एक इंजिन, त्यातली चौघं पाना धरणार, बाकीची वहीत आकृती काढणार. गंजलेला बोल्ट मान न मोडता कसा सोडवायचा, तो मोडलाच तर काय करायचं, हे तिथं शिकलो नाही. ते गॅरेजातच.

मग गॅरेजच बरं का? थांबा.

जुन्या गाडीला मिसिंग आलं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटेना, की इंजिन चालू ठेवायचं आणि डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल करून आवाज बदलत नाही, तो आजारी. माझ्या पहिल्या उस्तादांनी हेच शिकवलं आणि त्या इंजिनांसाठी ते बरोबर होतं. तिथं नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडतं, थोडं डिझेल उडतं, फडक्यानं पुसायचं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, हाच दाब 1600 बारच्या वर जातो. बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, एप्रिल 2020 ला आले. त्यानंतर मी एका गॅरेजात होतो, नाव नको. तसाच नवा ट्रक मिसिंगला आला. बरोबरच्या पोरानं सवयीनं पाना लावला. "काहीतरी टोचलं" म्हणाला. बोटावर टाचणीएवढा ठिपका, रक्त जवळजवळ नाहीच. मालक म्हणाला, हात धू, चहा पी. रात्रीपर्यंत तळवा फुगून पाव झाला. डिझेल कातडीच्या आत घुसलं होतं. डॉक्टरांनी तळहात उघडून साफ केला. तर्जनी आजही पूर्ण मिटत नाही त्याची. ही जखम बाहेरून काहीच दिसत नाही, पण तिला तासाभराचाही उशीर चालत नाही.

मालकाला हे माहीत नव्हतं, उस्तादांनाही नव्हतं. मला होतं. आयटीआयत कॉमन रेलचा एक तक्ता भिंतीवर होता, इंजिन नव्हतंच, सरांनी त्या तक्त्यावरच एक अख्खा दिवस घालवला होता. मला ते आठवलं चहा पिऊन झाल्यावर.

आता मिसिंग बघायला स्कॅनर लावतात, एकेक इंजेक्टर तिथूनच बंद करून बघता येतो. इंजेक्टर नवा टाकला तर त्याच्यावर बारीक अक्षरांत कोड असतो, तो ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. नाही भरला तर इंजिन खडखडतं, धूर मारतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट टाकला. निम्मा दिवस माझ्या हातात पाना नसतो, मल्टिमीटर असतो. पोराला पहिली वस्तू तीच घेऊन द्या.

माझं मत: आयटीआयला घाला, रविवारी आणि सुट्टीत मिस्त्रींकडं जाऊ द्या, नंतर अप्रेंटिस. तेव्हाच्या स्टायपेंडात माझा डबा आणि खोली निघायची, घरी पाठवायला काही उरायचं नाही, तेवढी तयारी ठेवा. आणि फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना जवळची आयटीआय आहे म्हणून नुसती टिक करू नका. स्वतः जाऊन वर्कशॉपमध्ये कॉमन रेलचं चालू इंजिन आहे का बघा. झाकून ठेवलेलं असेल तर धूळ किती आहे तेही बघा.

वैशाली_जनरेटरवाली
वरच्याला दुजोरा. मी याच ट्रेडची, बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली होतो. अलीकडे जनरेटरचेही प्रदूषणाचे नियम बदलले, नव्या मशीनवर सेन्सरच सेन्सर. काका, तुमच्या घरचंच उदाहरण, 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरलाही जानेवारी 2023 पासून कडक नियम आहेत.
एक गंमत. मामाच्या टिपरला 'युरिया संपला' असा दिवा लागला, तर ड्रायव्हरनं शेतातला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतला. त्या टाकीतलं, धूर साफ करायचं खरं डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया, त्यात क्षार अजिबात चालत नाहीत. टाकी, पंप, सगळं उतरवावं लागलं. मामा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

माळशिरसकर
पाना साहेब, तुमचं वाचून पोराला फोन लावला. विचारलं, मिसिंग कसं बघता रे? म्हणाला, नट सैल करून, मिस्त्रींनी कालच शिकवलं. म्हटलं आज काय काम आहे? तर सकाळपासून एक नवीन टिपर उभा आहे म्हणतो, मिसिंगचाच.
गाडी काढतोय. बाकीचं आल्यावर लिहितो.