अनुनाद की अनुस्पंदन? चयापचय की उपापचय?

प्रश्न (इंदूर)
इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिकासाठी भाची लेख लिहिते आहे. विषय: जिवंत स्नायूत ऊर्जा कशी खर्च होते, कशी भरून येते, हे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआयसारख्याच यंत्रात स्नायूतली रसायनं ओळखण्याच्या तंत्राने, बघणं. तिचं शिक्षण हिंदीतून झालं, म्हणून 'चुंबकीय अनुनाद' (मॅग्नेटिक रेझोनन्स) आणि 'उपापचय' (मेटाबॉलिझम) लिहिलंय. आजोबांना दोन्ही खटकतात. काय ठेवावं?

उत्तर
ताई, 'चयापचय'च ठेवा. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. या तंत्रात दोन्ही डोळ्यांसमोर घडतं. पायाला व्यायाम दिला की स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा) मोडतं आणि त्याचा फॉस्फेट घेऊन एडीपीचं पुन्हा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) होतं. त्यामुळे एटीपीची पातळी फारशी हलत नाही, अकार्बनी फॉस्फेट मात्र वाढत जातं. पाय थांबला की फॉस्फोक्रिएटिन परत रचलं जातं. निरोगी स्नायूत निम्मी भरपाई साधारण अर्ध्या मिनिटात होते. ती तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रं) जोरावर होते, म्हणून भरपाईच्या वेगावरून त्यांची ताकद कळते. सुई नाही, स्नायूचा तुकडा काढणं नाही!

'अनुनाद'बाबत मी आजोबांच्या बाजूचा. एमआरआय करून आलेल्या माणसाच्या कानात ठकठक घुमत असते आणि 'नाद' वाचला की त्याला तीच आठवणार. ती ठकठक यंत्रातल्या ग्रेडिअंट कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची. फॉस्फरसची अणुकेंद्रं ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) क्षेत्रात सुमारे ५२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, त्यात ऐकू येण्यासारखं काही नाही. 'अनुस्पंदन' ही गोष्ट नीट सांगतो.

ग्वाल्हेरहून
पटलं, पण आमच्याकडची मराठी मुलं शाळेत 'अनुनाद'च शिकतात. तो शब्द अजिबात दिसला नाही तर लेख त्यांना परका वाटेल. पहिल्यांदा 'अनुस्पंदन' येईल तिथे तळाशी 'हिंदीत अनुनाद' एवढी टीप द्यावी.

आणि स्पेक्ट्रोस्कोपीला 'वर्णपटविज्ञान' लिहिताना वाचकाला सांगा की इथे रंग नसतात. आलेखावर शिखरं दिसतात: फॉस्फोक्रिएटिनचं एक, अकार्बनी फॉस्फेटचं एक, एटीपीची तीन. अकार्बनी फॉस्फेटचं शिखर फॉस्फोक्रिएटिनच्या शिखरापासून किती दूर आहे यावरून पेशीच्या आतला पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की तो उतरतो) काढता येतो. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

उत्तर
टीप उत्तम. पीएचवरून सुचलं, भाचीने मॅकआर्डल रोगाचं उदाहरण जरूर घ्यावं. त्या रुग्णांच्या स्नायूत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फुटत नाही, म्हणून लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. व्यायामात इतरांचा पीएच उतरतो, त्यांचा उतरत नाही. ऑक्सफर्डच्या गटाने १९८१ मध्ये हे रुग्णाच्या स्नायूत याच तंत्राने दाखवलं. त्याआधी १९७४ मध्ये तिथेच उंदराच्या पायाच्या काढून घेतलेल्या स्नायूवर फॉस्फरसचे वर्णपट घेतले होते. 'अपचय अडला' या दोन शब्दांत तो रोग समजतो. 'उपापचय'मधून ही फोड होत नाही.

प्रश्नकर्ती
आभार. आजोबा खूश आहेत. आता टिश्यूला 'ऊतक' की 'ऊती'?

उत्तर
दोन्ही मराठीच. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत 'ऊती' आहे, पण तुमच्या वाचकांना हिंदीमुळे 'ऊतक' ओळखीचा. 'जिवंत ऊतक' लिहा आणि पुढे शक्य तिथे सरळ 'स्नायू' म्हणा.