शब्दचर्चा: भूकंपाचा ‘इशारा’, ‘संकेत’ की ‘पूर्वलक्षण’?

प्रश्न

एका विज्ञानविषयक मासिकाकडे आलेला लेख सध्या माझ्याकडे संपादनासाठी आहे. भूकंपाच्या आधी काही दिवस किंवा काही तास जमिनीजवळच्या चुंबकीय क्षेत्रात वेगळे बदल होतात का, हा त्याचा विषय. लेखकांनी ‘संकेत’, ‘इशारा’, ‘पूर्वसूचना’, ‘पूर्वलक्षण’ आणि ‘भाकीत’ हे पाचही शब्द एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरले आहेत, आणि शीर्षक ‘भूकंपाचे विद्युतचुंबकीय इशारे’ असे दिले आहे. कोणता शब्द कुठे योग्य ठरेल, आणि ‘विद्युतचुंबकीय’ लिहावे की ‘विद्युच्चुंबकीय’, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. संधी केल्यास ‘विद्युच्चुंबकीय’ हे रूप सिद्ध होते, पण ‘विद्युतचुंबकीय’ आता रूढ आहे आणि वाचक त्यावर अडखळत नाही. एका लेखात एकच रूप ठेवावे, एवढेच.

शीर्षकाला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘इशारा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ खूण असा आहे. ‘डोळ्यांनी इशारा केला’ या प्रयोगात तो अर्थ मराठीतही टिकून आहे. परंतु ‘इशारा करणे’ याऐवजी ‘इशारा देणे’ म्हटले की मराठीत धोक्याची ताकीद हाच अर्थ उभा राहतो. ताकीद देणाऱ्याला धोका ठाऊक असतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा समुद्राची स्थिती जाणणारे कोणीतरी त्यामागे असते, म्हणून होड्या परत फिरतात. खडकातून निघालेल्या, किंवा निघाल्या असाव्यात असे वाटणाऱ्या, लहरीला हा शब्द लावला की जे अजून सिद्ध व्हायचे आहे ते शीर्षकातच सिद्ध झाल्यासारखे वाचले जाते. ‘संकेत’ या शब्दाचीही अडचण तीच आहे, कारण त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घेतलेला असतो.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण पाहिले की शब्दांचे वजन कळते. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्रापासून सुमारे सात किलोमीटरवर, कोरॅलिटॉस येथे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फ्रेझर-स्मिथ यांचे चुंबकीय क्षेत्रातील अतिमंद चढउतार टिपणारे उपकरण चालू होते. भूकंपाच्या सुमारे तीन तास आधी त्याच्या नोंदीत मोठी वाढ झाली. क्वार्ट्झयुक्त खडकांवर ताण पडला की विद्युतभार निर्माण होतो आणि खडकाच्या भेगांतून पाणी सरकले तरी क्षीण प्रवाह निर्माण होतात, त्यामुळे अशी वाढ होणे अशक्य नव्हते. पुढे पंधरा वर्षे लोमा प्रिएटाचा दाखला सर्वत्र दिला गेला. मग २८ सप्टेंबर २००४ रोजी त्याच राज्यात, उपकरणांनी वेढलेल्या पार्कफील्डला ६.० क्षमतेचा भूकंप झाला, आणि आधी तसे काहीच दिसले नाही. २००९ मध्ये कोरॅलिटॉसच्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासकांनी ती वाढ उपकरणातील दोषामुळे आली असावी, असा निष्कर्ष काढला.

आता सांगा, १९८९ मध्ये मिळाला तो काय ‘इशारा’ होता? ती एक नोंद होती. नेहमीच्या चढउतारांशी न जुळणारी म्हणून तिला ‘विसंगती’ म्हणता येईल. ती भूकंपामुळेच आली असे पुराव्याने ठरले असते, तरच ‘पूर्वलक्षण’ हा शब्द तिला शोभला असता. नोंद, विसंगती, पूर्वलक्षण अशा या तीन पायऱ्या आहेत, आणि लेखकाने पहिलीवरून एकदम तिसरीवर उडी मारली आहे.

आयुर्वेदातील निदानपंचकात ‘पूर्वरूप’ हा नेमका शब्द आहे. व्याधी प्रकट होण्याआधी दिसणारी चिन्हे म्हणजे पूर्वरूप. परंतु ज्वराचे पूर्वरूप सांगणाऱ्या वैद्यांनी असंख्य ज्वर पाहिलेले असतात. भूकंपाच्या बाबतीत तसा अनुभव आपल्या गाठीशी नाही, म्हणून तो सुंदर शब्द मी इथे सुचवत नाही.

आणखी एक शब्द लेखात असायलाच हवा, तो म्हणजे ‘गोंगाट’, अर्थात हव्या त्या नोंदीत मिसळणारे इतर चढउतार. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते. त्यात सूर्यामुळे उठणारी चुंबकीय वादळे, रेल्वे, विजेच्या तारा यांची सतत भर पडते आणि शोध असतो तो काही थोड्या नॅनोटेस्लांच्या, कधी त्याहूनही लहान फरकाचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती. ‘गोंगाट’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त ‘पूर्वधक्का’ या शब्दाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. माझे आजोळ लातूर जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या साधारण वर्षभर आधी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान हादरे बसले होते. तेव्हा लोक त्यांना ‘हादरे’ असेच म्हणत. मोठा भूकंप होऊन गेल्यानंतरच त्यांच्याकडे मागे वळून ‘पूर्व’ म्हणून पाहता आले. हे उपपद नेहमी नंतर लागते, आणि ज्यांची घरे पडली त्यांना ते शब्द वाचताना कोणीतरी आधी जाणत होते असे वाटते. म्हणून संपादकाने इथे फार जपावे, अशी विनंती आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शीर्षक ‘भूकंपापूर्वीच्या चुंबकीय नोंदी’ असे बदलावे, असे लेखकांना कळवत आहे. ‘भाकीत’ आणि ‘पूर्वसूचना’ यांचे काय करावे?

उत्तर

भूकंप कुठे, केव्हा आणि किती क्षमतेचा होईल हे तिन्ही सांगितले तरच ते ‘भाकीत’. पुढील तीस वर्षांतली शक्यता सांगितली तर तो ‘अंदाज’. ‘पूर्वसूचना’ हा शब्द मात्र जपानमध्ये २००७ पासून सर्वांसाठी सुरू असलेल्या व्यवस्थेसारख्या व्यवस्थांसाठी राखून ठेवावा. तिथे भूकंप सुरू झालेला असतो. पहिल्या, वेगवान प्राथमिक लहरी टिपून, जास्त हानी करणाऱ्या संथ दुय्यम लहरी पोहोचण्याआधी काही सेकंद लोकांना कळवले जाते. इथे ‘पूर्व’ म्हणजे भूकंपाच्या पूर्वी नव्हे, आपल्यापर्यंत धक्का पोहोचण्याच्या पूर्वी. लेखात हा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच हा खुलासा एका वाक्यात करावा.